सफरचंद न्यायचं, कवठ खायचं

वडनेर भोलजीहून कुणाला मलकापूरच्या नाहीतर खामगावच्या दवाखान्यात भेटायला जायचं ठरलं, की निघालेला माणूस आधी दवाखान्याचा पत्ता विचारत नाही, सफरचंदांचा भाव विचारतो. महामार्गाच्या कडेला फळांच्या गाड्या उभ्या असतात. त्यांच्यावर केळी असतात, पेरू असतात, हंगामात सीताफळं असतात, म्हणजे आपल्याच मुलखात वाढलेली, चवीची खात्री असलेली फळं. भेटीला निघालेला त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. त्याची नजर जाते ती काश्मीर-हिमाचलातून हजारावर किलोमीटर ट्रकात हिंदकळत आलेल्या आणि अंगावर एकेक गोल स्टिकर मिरवणाऱ्या लाल सफरचंदांकडे. तो किलोभर घेतो, रोग्याच्या उशाशी ठेवतो, "काळजी घ्या" म्हणतो आणि परतीची एसटी पकडतो. रोग्याला डॉक्टरांनी मुगाच्या डाळीचं पाणी सांगितलेलं असतं. संध्याकाळी रोग्याची बायको ती पिशवी शेजारच्या खाटेवरच्या आजोबांकडे सरकवते. आजोबांना दात नसतात. आजोबांचा मुलगा ती पिशवी साहेबांच्या आईची चौकशी करायला जाताना घेऊन जातो, साहेबांची बायको ती बाळंतिणीकडे पाठवते, आणि आठवड्याभरात तीच पिशवी, गाठसुद्धा न सुटता, पहिल्या माणसाच्या घरी त्याच्या सासऱ्यांच्या मोडलेल्या पायाच्या निमित्तानं परत येते. घरातले म्हणतात, "बघा, लोक किती जीव लावतात!" आणि पिशवी फ्रिजवर ठेवतात. फ्रिजमध्ये नाही, फ्रिजवर. दिसली पाहिजे ना!

यावरून एक सिद्धान्त मांडता येतो. आपल्याकडे फळांचे दोन वर्ग आहेत: न्यायची फळं आणि खायची फळं. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत ही विभागणी सापडत नाही, कारण ती लिहिणाऱ्यांचे नातेवाईक बहुधा आजारी पडत नसावेत. न्यायच्या फळाला तीन गुण लागतात. ते दुरून ओळखू आलं पाहिजे, त्याचा भाव समोरच्याला तोंडपाठ असला पाहिजे, आणि खाल्लं नाही तरी आठवडाभर त्याचा चेहरा उतरता कामा नये. सफरचंदात हे तिन्ही गुण ठासून भरलेले आहेत. खायच्या फळाला एकच गुण लागतो, आणि तो कवठात इतका आहे की दुसऱ्या कुठल्याही कामाला ते उपयोगी पडत नाही. मुठीत मावेल न मावेल एवढं गोल, रंग राखाडी-भुरकट, अंगभर खरखर, आणि साल म्हणाल तर ती साल नव्हेच, लाकडी कवच. रेशमी फीत बांधली तरी त्याची टोपली भेटवस्तू वाटत नाही, मुद्देमाल वाटतो. कवठ घेऊन दवाखान्यात गेल्यास होणारा संवाद वऱ्हाडातल्या कुणालाही कल्पनेनं ऐकू येईल.

"हे काय आनलं भाऊ?"

"कवठं हायेत. घरच्या झाडाची."

"दवाखान्यात कोनी कवठ आनते काय? सेप नाई भेटले?"

"भेटले असते. पन म्हनलं, खाता येईन असं काई न्यावं."

"खायाचं कोन म्हनते? ठेवाले पायजेत ना!"

या लेखाचं म्हणणं असं की 'ठेवाले पायजेत' या दोन शब्दांत आपली सगळी फळनीती सामावलेली आहे. कवठ मागे पडलं ते चवीमुळे नाही, जमिनीमुळे नाही, पाण्यामुळे तर नाहीच नाही. ते कुणाच्या उशाशी शोभत नाही, म्हणून मागे पडलं. हा आरोप गंभीर आहे, तेव्हा पुरावे द्यायला हवेत.

पहिला पुरावा परदेशातला, कारण परदेशातला पुरावा दिला की आपल्याकडे पटकन पटतो. खुद्द सफरचंदाच्या घराण्यातच कवठाच्या तोंडवळ्याची एक शाखा आहे. तिला 'रसेट' म्हणतात. या सफरचंदांच्या सालीवर बुचाच्या जातीचा खरखरीत तपकिरी थर धरतो. अमेरिकेतलं रॉक्सबरी रसेट सतराव्या शतकातलं, तिथल्या सर्वांत जुन्या वाणांपैकी एक. इंग्लंडमधल्या एग्रेमाँट रसेटची नोंद 1872 सालची. ही सफरचंदं तळघरात हिवाळाभर टिकत, शिजवायला चालत, त्यांचं सायडरही होई, आणि चवीला अशी की जाणकार आजही त्यांच्यासाठी जीव टाकतात. पण पुढे सफरचंद दुकानाच्या काचेमागे जाऊन बसलं आणि गिऱ्हाईक जिभेऐवजी डोळ्यांनी फळ घेऊ लागलं. खरखरीत तपकिरी साल त्या परीक्षेत नापास झाली. पास कोण झालं? आयोवातल्या जेसी हायट नावाच्या शेतकऱ्याच्या बागेत आपसूक उगवलेलं एक सफरचंद. 1890च्या दशकात स्टार्क यांच्या रोपवाटिकेनं ते विकत घेतलं आणि 'डेलिशस' म्हणून बाजारात आणलं. मूळ फळ म्हणे खरंच चविष्ट होतं. मग बागायतदार दरवेळी जास्त लाल फांदी निवडत गेले, आणखी लाल, आणखी लाल, आणि शेवटी फळ इतकं लाल झालं की चवीला आत जागाच उरली नाही. नाव मात्र अजून 'चविष्ट'च आहे. हेच डेलिशस सॅम्युअल स्टोक्स या अमेरिकन गृहस्थांनी 1916च्या सुमाराला हिमाचलातल्या कोटगडला लावलं. पुढे ते सत्यानंद झाले, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगातही गेले. त्यांना दोष देता येणार नाही. त्यांनी बिचाऱ्यांनी फळ खायला आणलं होतं. त्याला उशाशी नेऊन बसवलं ते आपण.

आता न्यायचं फळ इतकं मानाचं, तर ते आपल्याच रानात पिकवावं अशी ओढ कुणालाही लागेल. इथे अडचण हवामानाची. सफरचंदाच्या जुन्या वाणांना हिवाळ्यात पारा सातच्या खाली असलेले साधारण हजार तास लागतात. तेवढी थंडीची झोप झाली नाही, तर वसंतात झाड धड जागं होत नाही. वडनेर भोलजीत पारा सातच्या खाली गेला तर माणसंच शेकोटीशी बसून त्याची बातमी करतात. हजार तास जमवायचे तर आजोबांच्या काळापासूनचे हिवाळे साठवून ठेवायला हवे होते, आणि तेवढी दूरदृष्टी आपल्या पूर्वजांनी दाखवली नाही. मे महिन्यात मात्र पारा चव्वेचाळीसच्या आसपास न मागता मिळतो. न्यायाला धरून हेही सांगितलं पाहिजे की हिमाचलातल्या बिलासपूर जिल्ह्याचे हरिमन शर्मा यांनी उष्ण भागात फळणारं 'एचआरएमएन-99' हे वाण काढलं, त्यांना पद्मश्रीही मिळाली, आणि महाराष्ट्रातल्या काही शेतकऱ्यांनी सफरचंदं पिकवून दाखवली आहेत. म्हणजे अशक्य असं काही नाही. प्रश्न पुढचा आहे. उष्ण मुलखातल्या अशा बागेत पहिल्या बहराला सात सफरचंदं लागली, तर त्यांचे सातशे फोटो निघतात. बांधावर गर्दी होते.

"चव कशी हाय?"

"चव? तोडले कुठं अजून! परवा साहेब येनार हायेत पाहाले."

साहेब येतात, सफरचंद हातात धरून फोटो काढतात आणि फळ परत देतात. झाडाला ते पुन्हा चिकटवता येत नाही एवढीच खंत. इथे चव विचारणारा माणूस अडाणी ठरतो. बागेत लागल्या दिवसापासून ते सफरचंद न्यायच्या वर्गात गेलेलं असतं.

आता बांधावरचं कवठ पाहा. हे झाड लिंबाच्या कुळातलं. पान चुरगळलं की बडीशेपेसारखा वास येतो. चार महिने पाऊस आणि आठ महिने ठणठणाट, हे जे आपल्या शेतीचं रडगाणं आहे, तीच या झाडाची मागणी आहे. त्याला थंडीचे तास नकोत, सावलीची जाळी नको, ठिबक नको, मेण नको, स्टिकर नको. अंगावर काटे असल्यानं राखणदारही नको. खोडातून डिंक निघतो तो वेगळाच. फळं दिवाळीच्या मागेपुढे पिकायला लागतात आणि शिवरात्रीपर्यंत पुरतात. तक्रार करण्यासारखी एकच गोष्ट आहे आणि विरोधक ती लगेच पुढे करतात: बी लावलं तर फळ धरायला पंधरा वर्षं, कधी त्याहूनही जास्त लागतात. "एवढं थांबायचं कोनं?" हा आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. पण जो समाज घराचं कर्ज वीस वर्षांचं घेतो, त्यानं पंधरा वर्षांना घाबरावं हे बरोबर नाही. आणि बांधावरच्या वादाचा अनुभव ज्यांना आहे ते मान्य करतील की त्या वादाचा निकाल लागेपर्यंत बांधावर लावलेलं कवठ आरामात फळाला येतं. उलट दोन्ही पक्षकारांना तारखांच्या दिवशी बसायला सावली होते. शिवाय कलम केलेलं झाड याहून लवकर फळतं. तेव्हा घाई असलेल्यांनी कलम लावावं आणि वाद असलेल्यांनी बी.

ज्यांना साधं बी लावण्यात कमीपणा वाटतो, त्यांच्यासाठी सहाव्या शतकातल्या वराहमिहिरानं सोय करून ठेवली आहे. 'बृहत्संहिते'च्या वृक्षायुर्वेदाच्या अध्यायात कवठाचं बी लावण्याची खास पद्धत दिली आहे, आणि ती वाचल्यावर आजच्या अनुदानाच्या अर्जाबद्दल कुणी तक्रार करणार नाही. आठ वनस्पतींची मुळं आणायची, ती दुधात उकळायची, दूध गार झालं की शंभर टाळ्या वाजवण्याइतका वेळ बी त्यात ठेवायचं आणि मग उन्हात वाळवायचं. हे रोज, महिनाभर. मग हातभर रुंद आणि दोन हात खोल खड्डा खणायचा, तो त्याच दुधानं भरायचा, सुकला की जाळायचा, राख कालवलेल्या मधातुपानं सारवायचा, उडीद, तीळ आणि जवाचं पीठ मातीच्या थरांबरोबर भरायचं, मासे धुतलेलं पाणी घालून ते घट्ट होईपर्यंत कुटायचं, आणि चार अंगुळं खाली बी टोचायचं. एवढं केल्यावर कवठाचा म्हणे भराभर वेल होतो आणि सगळा मांडव झाकून पाहणाऱ्यांना थक्क करतो. थक्क करण्यावर भर आहे, हे लक्षात घ्या. फळ लागतं का, यावर ग्रंथकार तिथे फारसा रेंगाळत नाही. म्हणजे पाहुण्यांना दाखवण्यासाठी बाग लावायची हौस किमान दीड हजार वर्षांची तरी आहे, आणि एके काळी खुद्द कवठही तिच्या तावडीत सापडलं होतं. त्यातून ते सुटलं ते आपल्या तोंडामुळेच.

फळ हातात आल्यावर दुसरा आक्षेप येतो: पिकलं की नाही ते कळायचं कसं? रंग बदलत नाही, साल दाबता येत नाही. यावर फार जुना आणि फार सोपा उपाय आहे. कवठ वीतभर-दीड वीत उंचीवरून फरशीवर टाकायचं. टणकन उसळलं तर कच्चं, 'धप्' करून तिथेच बसलं तर पिकलं. कच्चं निघालं तर दोनेक आठवडे उन्हात ठेवायचं आणि पुन्हा आपटायचं. फळांच्या दुनियेत एवढी सरळ परीक्षा दुसरी नाही. सफरचंदाची परीक्षा घ्यायची म्हणजे नखानं मेण खरवडायचं, तो व्हिडिओ चुलत्यांच्या ग्रुपवर टाकायचा आणि मग ते खाण्यासाठी योग्य आहे की नाही यावर चाळीस जणांनी रात्रभर भांडायचं. कवठ आपटलं की निकाल जागेवर लागतो. फक्त फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी ही परीक्षा दुपारी दोन ते चार घेऊ नये. खालच्या मजल्यावरच्या काकांचा निकालही जागेवर लागतो.

तिसरा आक्षेप फोडण्याचा. "फळ खायला हातोडा लागतो, ही काय रीत झाली?" असं विचारणारे लोक नारळ फोडताना मात्र पुण्य मिळवत असतात. कवठ फोडण्यात मंत्र नाही, तंत्र आहे, आणि तेही एका ओळीचं. उंबऱ्याच्या दगडावर किंवा पाट्याच्या कडेवर फळ फिरवत फिरवत मधोमध ठोके द्यायचे, चीर पडली की अंगठ्यांनी दोन वाट्या वेगळ्या करायच्या. बत्त्याचा एकच जबर घाव घालणाऱ्यांच्या वाट्याला चटणीत कवचाचे तुकडे येतात आणि दंतवैद्याच्या वाट्याला गिऱ्हाईक. आत गडद तपकिरी, चिकट गर असतो. त्यात दोरे असतात आणि असंख्य बारीक पांढऱ्या बिया. तो दिसायला कसा असतो हे प्रामाणिकपणे सांगायचं तर, जेवणाच्या आधी सांगण्यासारखा नसतो. वास आंबूस-गोड आणि घरभर. उघडं कवठ ठेवलेल्या घरात पाहुण्यांना "घरात काय आहे?" असं विचारावं लागत नाही. हा दोष आहे असं मानणाऱ्यांनी आठवावं की दुकानातलं सफरचंद नाकाला लावलं तर बऱ्याचदा कसलाच वास येत नाही. बिनवासाच्या फळाला सभ्य म्हणायचं आणि वासाच्या फळाला गावंढळ, हा न्याय माणसांच्या बाबतीत आपण लावतोच. निदान फळांना तरी सोडावं.

खरा निकाल स्वयंपाकघरात लागतो. गर चमच्यानं खरवडून काढायचा, जाड दोरे वेचायचे, गराच्या जवळपास बरोबरीनं गूळ चिरून घ्यायचा, त्यात मीठ, लाल तिखट आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड घालायची आणि सगळं पाट्यावर वाटायचं. वरवंटा दोन-चार वेळा फिरला की गूळ पाझरायला लागतो, रंग आणखी गडद होतो, आणि गोळ्यावर एक चकाकी चढते. मिक्सरवाल्यांनी बटण नुसतं टिचकी मारल्यासारखं दाबावं, नाहीतर बिया भरडून चटणी दाताखाली कचकच करते. ही चटणी भाकरीला लागते, उपासाच्या भगरीला लागते, रताळ्याला लागते, आणि काही घरांत तर ताटात दुसरं काही नसलं तरी कुणाच्या लक्षात येत नाही. आंबट, गोड, तिखट, खारट आणि शेवटी जिभेच्या मुळाशी किंचित तुरट, एवढ्या चवी एका बोटावर मावतात. गरात पेक्टिन भरपूर असल्यानं जेलीही सुरेख होते. गर पाण्यात उकळून, फडक्यातून गाळून, साखर घालून आटवला की बाहेरची कसलीही पावडर न घालता जेली आपसूक धरते. नृसिंहवाडीला दत्तदर्शनाला गेलेली मंडळी येताना पेढ्यांबरोबर कवठाची बर्फी आणतात, आणि ती वाटेतच संपली म्हणून घरच्यांना फक्त पेढे मिळतात. हा पुरावा सर्वांत मोलाचा मानावा. वाटेत संपतं ते खायचं फळ. घरी पोचतं ते न्यायचं.

आता विरोधकांचा हुकमी पत्ता: "बाजार कुठे आहे?" सफरचंदाला बाजार आहे, संत्र्याला आहे, कवठाला कोण विचारतो? पण बाजार काही आभाळातून पडत नाही. श्रीलंकेत हेच फळ 'दिवुल' म्हणून मानानं नांदतं. तिथे त्याचा रस, जॅम आणि क्रीम बाटल्या-डब्यांतून विकलं जातं, परदेशातही जातं. म्हणजे त्या बेटावरच्या माणसांना जे कवठ बाटलीत भरता येतं, ते आपल्याला टोपलीतही भरता येत नाही. बरं, सरकार उदासीन आहे म्हणावं तर तसंही नाही. फळबाग लागवडीच्या योजनेत चिंच, आवळा, जांभूळ यांच्या पंगतीला कवठ बसवलेलं आहे. गुजरातेत गोध्र्याजवळ वेजलपूरच्या फळसंशोधन केंद्रात कोरडवाहू फळांबरोबर कवठावरही काम चालतं. पण योजनेची यादी वाचता वाचता आपलं बोट आंब्यावरून डाळिंबावर, डाळिंबावरून संत्र्यावर जातं आणि कवठापाशी पोचेपर्यंत पान उलटतं. मुलं खात नाहीत, हा आणखी एक आक्षेप. घरात ताटात वाढलं तर मुलं काहीच खात नाहीत. तेच कवठ शाळेच्या फाटकाबाहेर, वर तिखट-मीठ भुरभुरून, काडी खुपसून विकायला ठेवलं की हीच मुलं मधल्या सुट्टीत रांग लावतात. यात दोष कवठाचा नसून ताटाचा आहे.

राहिला प्रतिष्ठेचा प्रश्न. कवठ हे गरिबाचं, रानचं, कमी दर्जाचं फळ अशी समजूत आहे. तिचा इतिहासाशी काही संबंध नाही. सांगली जिल्ह्यातला कवठे महांकाळ हा अख्खा तालुका हे नाव अभिमानानं मिरवतो. भरतनाट्यम शिकणाऱ्या मुली ज्या हस्तमुद्रेनं लक्ष्मी आणि सरस्वती दाखवतात, ती 'कपित्थ' मुद्रा म्हणजे कवठच. संस्कृतातलं एक सुभाषित तर सांगतं की लक्ष्मी जाते ती हत्तीनं खाल्लेल्या कवठाप्रमाणे, म्हणजे वरून फळ शाबूत आणि आतून गर गायब. घराचे हप्ते फेडणाऱ्या माणसाला हे वर्णन कुठल्याही अर्थतज्ज्ञापेक्षा लवकर समजेल. गणपतीच्या रोजच्या संस्कृत स्तुतीत त्याला आवडणाऱ्या फळांत कवठ आणि जांभळाची नावं आहेत. ती स्तुती आपण डोळे मिटून म्हणतो, आणि डोळे उघडून पुढ्यात सफरचंद ठेवतो. यावर जाणकार म्हणतील, भाद्रपदात पिकलेलं कवठ मिळत नाही. मान्य. पण माघातली गणेश जयंती ऐन कवठाच्या हंगामात येते. तेव्हाही ताटात सफरचंदच असतं, कारण देवाला काय आवडतं यापेक्षा देवासमोरच्या फोटोत काय उठून दिसतं याचा विचार पुजाऱ्यापासून यजमानापर्यंत सगळ्यांना असतो. वर्षातून एकदा, महाशिवरात्रीला, कवठाला मान मिळतो. त्या दिवशी गाड्यांवर त्याचे ढीग लागतात, लोक घासाघीस करून घेतात, पिंडीवर वाहतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातली निम्मी निर्माल्याच्या ढिगात जातात. शंकरानं हलाहल पचवलं म्हणून आपण त्याला काहीही पचेल असं धरून चालतो. आपण स्वतः मात्र कवठाची चटणी पचवायला कचरतो.

एक आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्याला प्रामाणिकच उत्तर द्यायला हवं. "मंग दवाखान्यात काय कवठं न्यायचे?" नाही. सलाईन लावलेल्या माणसाच्या उशाशी बत्ता घेऊन बसणं बरं दिसत नाही, आणि वॉर्डातल्या सिस्टर ते खपवूनही घेणार नाहीत. न्यायला सफरचंदच ठीक आहे. त्याचा जन्मच त्यासाठी झाला आहे असं आपण ठरवलेलं आहे, आणि एवढ्या गावांतून फिरलेल्या पिशवीचा प्रवास एकाएकी थांबवणंही क्रूरपणाचं होईल. मागणी एवढीच आहे की न्यायचं फळ विकत आणावं आणि खायचं फळ बांधावर लावावं, उलटं करू नये. "तुम्ही किती झाडं लावली?" असं कुणी विचारलंच, तर लेख लिहिणाऱ्यांकडे सहसा बाल्कनी असते, बांध नसतो, आणि वराहमिहिरानं सांगितलेला दोन हात खोल खड्डा बाल्कनीत खणला तर तो खालच्या काकांच्या दिवाणखान्यात निघतो, हे उत्तर तयार आहे.

तेव्हा वडनेर भोलजीतल्या आणि आसपासच्या बांधवाल्यांना विनंती: या शिवरात्रीला पिंडीवरचं कवठ प्रसाद म्हणून घरी न्या, फोडा, गूळ घालून वाटा. बिया धुऊन वाळवून ठेवा आणि पहिला पाऊस पडला की बांधावर टोचा. रोप जगलं की त्याच्याकडे पंधरा वर्षं पाहू नका, ते त्याचं ते पाहून घेईल. फक्त फळ धरायला लागल्यावर त्याच्याखाली मोटरसायकल उभी करू नका, आणि दुपारची खाट तर मुळीच टाकू नका.